बागेतला राखणदार आणि नेपाळच्या भरलेल्या बँका

दिवाळी झाली की आमच्या कलमांच्या बागेत दाजू येतो. नेपाळच्या कैलाली जिल्ह्यातला, चाळिशीचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे आता नवं राहिलेलं नाही. मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी गाडीत चढेपर्यंत बागेला माणूस लागतो, दिवसा वानरांसाठी आणि रात्री चोरांसाठी, आणि गावातली तरणी पोरं तर मुंबई-पुण्याला गेलेली. त्यामुळे कितीतरी बागांची राखण आणि बंदरातल्या कितीतरी बोटींवरचं खलाशाचं काम आज नेपाळी माणसं करतात. लोक सरसकट सगळ्यांना 'बहादूर' म्हणून हाक मारतात. आमच्या घरी मात्र दाजू म्हणतात. नेपाळीत थोरल्या भावाला दाजू म्हणतात, हे त्यानंच सांगितलं.

जानेवारीत तो घरी पैसे पाठवायला निघाला तेव्हा मीही बरोबर गेलो. बाजारपेठेतलं मोबाईल रिचार्जचं छोटं दुकान. दाजूनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं नागरिकतेचं कार्ड काढलं, काउंटरवरच्या मुलानं त्याचा नंबर टाइप केला, दाजूनं बारा हजार रुपये दोनदा मोजून दिले आणि लगेच मोबाईलवर गुणाकार केला. बारा हजार गुणिले १.६, म्हणजे १९,२०० नेपाळी रुपये. शंभर भारतीय रुपयांना एकशेसाठ नेपाळी हा भाव १९९३ पासून बदललेला नाही, तरी तो दर वेळी करून बघतो. मग पावतीवरचा लांबलचक नंबर त्यानं बायकोला फोनवर एकेक आकडा सावकाश सांगितला. तिनं तिकडून परत म्हणून दाखवला. दुसऱ्या दिवशी ती जवळच्या बाजारात जाऊन तो नंबर आणि आपलं कार्ड दाखवणार आणि पैसे घेणार.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, तरी त्या दुकानात उभा असताना मला आठवली ती आजी. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पोस्टमन पाणंदीतून येताना दिसला की आजी हात पुसत ओटीवर यायची. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक छोटा तुकडा असायचा, त्यावर आजोबांच्या दोन ओळी. पैसे मोजून झाल्यावर ती तो तुकडा देवाच्या फळीवर ठेवायची. दाजूच्या बायकोनं एकेक आकडा परत म्हणावा, तसंच ते.

घराबाहेर कमावून घरी पाठवलेल्या या पैशाला अर्थशास्त्रात रेमिटन्स म्हणतात, नेपाळच्या सरकारी कागदांत 'विप्रेषण'. हा पैसा एखाद्या देशात एवढा येत असेल की तोच देशाचा मोठा धंदा होऊन बसला, तर तिथल्या बँकांचं, कर्जांचं, सगळ्या पैशाच्या व्यवस्थेचं काय होतं? नेपाळ हे त्याचं फार बोलकं उदाहरण आहे आणि ते आपल्या बागेपर्यंत येऊन पोचलेलं आहे, म्हणून ते नीट समजून घ्यावंसं वाटतं.

आधी आकार बघू. भारतात जगात सर्वांत जास्त रेमिटन्स येतो, जागतिक बँकेच्या अंदाजानं २०२४ मध्ये सुमारे १२९ अब्ज डॉलर. तरीही भारताच्या वार्षिक उत्पन्नात त्याचा वाटा तीन-साडेतीन टक्क्यांचा. नेपाळात २०२३-२४ या आर्थिक वर्षात १ लाख ४४ हजार कोटींहून जास्त नेपाळी रुपये आले, आणि हा देशाच्या वार्षिक उत्पन्नाचा चौथा हिस्सा होतो. त्याच वर्षी नेपाळनं बाहेर विकलेला माल सुमारे १५ हजार कोटींचा. म्हणजे माल विकून येतो त्याच्या नऊपट पैसा माणसं पाठवून येतो. २०२१ च्या जनगणनेत जवळजवळ २२ लाख माणसं 'परदेशी' म्हणून नोंदली गेली आणि देशाची लोकसंख्या आहे तीन कोटींच्या आत. २०२२-२३ च्या जीवनमान सर्वेक्षणात १०० पैकी ७७ घरांत, देशातून म्हणा की बाहेरून, कुणीतरी पाठवलेला पैसा येत होता. १९९५-९६ मध्ये हेच प्रमाण २३ होतं.

ही सवय जुनी आहे. सैन्यात चाकरीला गेलेल्या माणसाला नेपाळात 'लाहुरे' म्हणतात, कारण गोरखे पूर्वी रणजितसिंहांच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जात. १८१५ पासून इंग्रजांनी गुरखा पलटणी उभ्या केल्या. १९५० च्या करारानं भारताची सीमा खुली राहिली. नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडची माणसं भारतात मजुरीला जाण्याला 'कालापहाड' जाणं म्हणतात. आखातात आणि मलेशियात लोंढा लागला तो मात्र १९९० नंतर, पासपोर्ट मिळणं सोपं झाल्यावर, आणि १९९६ ते २००६ या माओवादी युद्धाच्या दशकात तो फुगला. गावात राहणं धोक्याचं झालं, तेव्हा घरातला तरुण मुलगा बाहेर काढणं हाच अनेकांना मार्ग वाटला.

आता पैसा जातो कसा, ते बघू. दाजूचा धाकटा भाऊ कतारच्या दोह्यात बांधकामावर आहे. तो तिथल्या मनी ट्रान्सफरच्या खिडकीत रियाल भरतो, आणि अर्ध्या तासात इकडे कैलालीतल्या धनगढी शहरात त्याच्या घरी नेपाळी रुपये मिळतात. पण त्याचे रियाल विमानात बसून येत नाहीत. त्या कंपनीनं काठमांडूच्या बँकेत आधीच रक्कम ठेवलेली असते, त्यातून इकडचे पैसे दिले जातात, आणि मागाहून दोन्हीकडचा हिशेब डॉलरमध्ये मिटवला जातो. हे डॉलर शेवटी नेपाळ राष्ट्र बँकेच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, गंगाजळीत जमतात आणि त्या बदल्यात बँकांच्या हाती नेपाळी रुपये येतात. एका पगारातून तीन गोष्टी घडतात: घरी किराणा येतो, बँकेत ठेव वाढते, आणि देशाकडे पेट्रोल-औषधं आणायला परकीय चलन येतं.

दुसरी वाट हुंडीची. भाऊ दोह्यात एका माणसाला रियाल देतो, त्या माणसाचा जोडीदार धनगढीत घरपोच रुपये देतो. कागद नाही, रांग नाही, भावही दोन पैसे बरा. घराच्या दृष्टीनं काम झालं. पण रियाल दोह्यातच राहिले. ते कुणीतरी व्यापारी सोनं किंवा माल चोरून आणायला, किंवा मालाची किंमत कागदावर कमी दाखवून उरलेली परस्पर चुकती करायला वापरतो. देशाला डॉलर मिळत नाही, बँकेला ठेव मिळत नाही, आणि भाऊ न चुकता घरी पैसे पाठवतो याची कुठे एक ओळही लागत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे महत्त्वाची आहे.

भारतातून जाणाऱ्या पैशाला तर वाटच नव्हती म्हणावं लागेल. दाजू वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा इकडे आला तेव्हा हंगामाची सगळी कमाई कमरेला बांधून सीमेवरच्या बनबसाच्या नाक्यावरून घरी न्यायचा. या प्रवासात किती जणांना गुंगी देऊन लुटलं गेलं, त्याच्या गोष्टी प्रत्येक राखणदाराकडे आहेत. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं भारत-नेपाळ रेमिटन्सची खास योजना आणली. ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून एका वेळी दोन लाखांपर्यंत पाठवता येतात. खातं नसलेल्यानं रोख भरली तर पन्नास हजारांची आणि वर्षातून बारा वेळांची मर्यादा आहे. चांगली सोय आहे ही, पण बागेत खोपीत राहणाऱ्या माणसाकडे इथल्या पत्त्याचा पुरावा कुठला? त्यामुळे कित्येक जण अजूनही नोटा नेतात. नोटबंदी झाली तेव्हा तिकडे घरोघर पडलेल्या भारतीय नोटा तशाच सडल्या. मग डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळनं शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली. दाजूच्या आईकडे जुन्या पाचशेच्या चार नोटा अजून ट्रंकेत आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अर्थतज्ज्ञ 'वित्तीय विकास' म्हणतात तो काय? सगळ्यांना खातं मिळालं, शाखा वाढल्या, की झाला? आपल्याकडे पत म्हणून एक नेमका शब्द आहे. पतपेढी, पतपुरवठा यांतला. कुणाची पत आहे म्हणजे लोक त्याला विश्वासानं पैसे देतात. बँकेचं खरं काम एवढंच आहे: ज्याच्याकडे आज पैसा पडून आहे त्याचा पैसा, ज्याच्याकडे उद्याचं काम आहे पण पैसा नाही, त्याच्या हाती पोचवायचा, आणि तो परत येईल याची खात्री करून घ्यायची. हे काम देशात जितक्या जास्त लोकांसाठी, जितक्या कमी व्याजात आणि जितक्या नीट पारखून होतं, तितका वित्तीय विकास झाला म्हणायचा.

रेमिटन्समुळे हे काम वाढतं की अडतं, यावर अभ्यासकांचे दोन कल आहेत. पहिला म्हणतो, पैसा घ्यायच्या निमित्तानं माणूस बँकेच्या दारात येतो. आज नंबर दाखवून रोख घेतो, उद्या खातं काढतो, परवा थोडी शिल्लक ठेवतो. बँकेला ठेव मिळते, आणि शिवाय या घरात दर महिन्याला पैसा येतो हे तिला दिसतं. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी १९७५ ते २००७ या काळातल्या १०९ विकसनशील देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा जिथे रेमिटन्स जास्त तिथे ठेवी आणि कर्जं दोन्ही जास्त, असं दिसलं. दुसरा कल म्हणतो, जिथे बँका गरिबाला उभं करत नाहीत, तिथे परदेशातला मुलगाच घराची बँक होतो. छप्पर त्याच्या पैशानं, बहिणीचं लग्न त्याच्या पैशानं, दुकानाचं भांडवल त्याच्याकडून. मग बँकेकडे जायचं कशाला? तो पैसा बँकेच्या जागी उभा राहतो आणि बँकेलाही सुधारायची घाई उरत नाही.

बँकेत बसून मी दोन्ही पाहिलंय, त्यामुळे मला हे दोन कल एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. दोन्ही एकाच घरात घडतात. फरक पडतो तो ठेव आणि कर्ज यांच्या मधल्या टप्प्यात, आणि नेपाळची खरी गोष्ट तिथे आहे.

कागदावर बघाल तर नेपाळ वित्तीय विकासात आपल्या पुढे आहे. पहिली बँक, नेपाळ बँक लिमिटेड, १९३७ ची. मध्यवर्ती बँक १९५६ ची. १९८४ नंतर खासगी बँका येत गेल्या, पुढे तर तीसच्या वर झाल्या, मग विलीनीकरण होऊन आता वीस उरल्यात. २०१७ नंतर सरकारनं ठरवलं की देशातल्या ७५३ पालिकांपैकी प्रत्येकीत व्यापारी बँकेची शाखा हवी, आणि डोंगरातल्या, रस्ता नसलेल्या जागा धरून ते जवळजवळ पूर्ण झालं. ही साधी कामगिरी नाही. बँकांतल्या ठेवी देशाच्या वार्षिक उत्पन्नाहून जास्त आहेत. खासगी क्षेत्राला दिलेली कर्जं वार्षिक उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास. भारतात हे प्रमाण पन्नाशीच्या आसपास घोटाळतं. ठेवींच्या या डोंगरात दोहा, क्वालालंपूर, रियाध इथल्या उन्हातल्या मजुरीचा फार मोठा वाटा आहे.

मग ही कर्जं जातात कुणाकडे? तारण काय आहे ते पाहिलं की उत्तर मिळतं. नेपाळी बँकांच्या कर्जांपैकी सुमारे दोन तृतीयांश कर्जं जमीन आणि इमारत तारण ठेवून दिलेली असतात. ज्याच्याकडे काठमांडूत किंवा हमरस्त्यालगत जमीन आहे त्याला कर्ज मिळतं. ते कर्ज घेऊन तो आणखी जमीन घेतो किंवा माल आयात करतो. परदेशातून आलेल्या पैशानं लोकांच्या हातात खरेदीची ताकद आलेलीच असते, त्यामुळे आयात खपते. जमिनीची किंमत वाढते, म्हणून तारणाची किंमत वाढते, म्हणून आणखी कर्ज मिळतं. रेमिटन्सनं भरलेली बँक या चक्रात अगदी निर्धास्त असते, कारण आजवर जमिनीचा भाव चढतच आलेला असतो. कारखाना, दूध प्रक्रिया, शेतमालाचं गोदाम यांना कर्ज द्यायचं म्हणजे माणूस आणि धंदा पारखावा लागतो. ते कष्टाचं काम आहे, आणि जमीन तारण असताना ते करायला कुणी सांगत नाही.

सरकारलाही या चक्राची सवय लागते. नेपाळच्या महसुलाचा मोठा हिस्सा सीमेवरच, आयातीवरच्या करांतून, गोळा होतो. म्हणजे मुलगा बाहेर जातो, पैसा पाठवतो, त्या पैशाची मोटारसायकल आयात होते, तिच्यावरच्या जकातीतून सरकारचा पगार निघतो. या साखळीत देशात काही बनवण्याची गरजच कुणाला भासत नाही. गावाकडे मात्र कसायला माणूस नाही म्हणून डोंगरउताराच्या शेतांच्या पायऱ्या पडीक पडतात. तिकडे 'बांझो जग्गा' म्हणतात. कोकणातल्या माणसाला पडीक मळ्या म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

हे चक्र कुठे अडतं ते २०२१-२२ मध्ये दिसलं. कोरोनात रेमिटन्स कोसळेल असं सगळे म्हणत होते, ते घडलं नाही. माणसांनी पोटाला चिमटा काढून घरी पैसे पाठवले. व्याजदर खाली आणले होते, कर्जं भराभर वाटली गेली, ती जमिनीत, शेअरमध्ये आणि आयातीत गेली. मग आयात एवढी वाढली की परकीय चलनाची गंगाजळी उतरायला लागली. त्यात हुंडीची वाट पुन्हा वाहती झालेली. एप्रिल २०२२ मध्ये सरकारनं मोटारी, दारू, महागडे मोबाईल, मोठे टीव्ही अशा वस्तूंची आयातच बंद केली. ती बंदी डिसेंबरात उठली. बँकांत पैशाची टंचाई, व्याज चढलेलं. आणि दोनच वर्षांत उलटी तऱ्हा: पैसा एवढा साचला की कर्ज घ्यायला कुणी येईना आणि राष्ट्र बँकेला तो बँकांकडून काढून घ्यायची वेळ आली. मजुरांच्या घामाचा पैसा कधी तुटवडा होतो, कधी पूर होतो, पण शेतापर्यंत त्याचा पाट काही खोदला जात नाही.

आणि नेमकं याच काळात, बँका पैशानं भरलेल्या असताना, दाजूच्या भावानं कतारला जायला दीड लाख नेपाळी रुपये साहूकडून, म्हणजे सावकाराकडून, शेकडा तीननं घेतले. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभरावर तीन, वर्षाला छत्तीस टक्के. कायद्याप्रमाणे एवढे पैसे लागायलाच नकोत. २०१५ पासून आखाती देश आणि मलेशियासाठी व्हिसा आणि तिकीट मालकानं द्यायचं, दलालानं दहा हजारांच्या वर घ्यायचं नाही, असा नियम आहे. प्रत्यक्षात लाखाच्या खाली क्वचितच कुणी जातं. कतारात किमान मूळ पगार १,००० रियाल, म्हणजे तेव्हाच्या भावानं साधारण ३६ हजार नेपाळी रुपये. व्याजच वर्षाला ५४ हजार. स्वतःचं खाणंपिणं, आजारपण, फोन वजा करून कर्ज फेडायला त्याचं पहिलं वर्ष गेलं. २०१०-११ च्या सर्वेक्षणात आलेल्या रेमिटन्सचा ७९ टक्के भाग रोजच्या खर्चाला जाताना दिसला, त्यानंतर कर्जफेडीला ७ टक्के, आणि भांडवल म्हणून गुंतवलेला जेमतेम २.४ टक्के.

हा आकडा दाखवून लोक म्हणतात, बघा, सगळा खाण्यात उडवतात. मला या बोलण्याचा मनापासून राग येतो. खाणं, औषध, वही-पुस्तक यांसाठीच तर माणूस घर सोडून गेला होता. १९९५-९६ मध्ये नेपाळात शंभरातली बेचाळीस माणसं दारिद्र्यरेषेखाली होती, २००३-०४ मध्ये एकतीस, आणि या घटीतला साधारण पाचवा हिस्सा स्थलांतरामुळे झाला असा अभ्यासकांचा हिशेब आहे. तेही चालू युद्धात. २०१५ च्या भूकंपानंतर मदत पोचायच्या आधी अनेक घरांत परदेशातल्या मुलाचे पैसे पोचले होते. आणि या पैशाची किंमतही विसरू नये. काठमांडूच्या विमानतळावर परदेशातून येणाऱ्या शवपेट्या वर्षाला शेकड्यांनी मोजाव्या लागतात.

त्यामुळे गुंतवणूक का केली नाही, हा प्रश्न त्या घराला विचारण्यात अर्थ नाही. तो बँकेला विचारायला हवा. १९,२०० रुपयांतून दोन हजार उरतात. दोन हजारांत म्हैस येत नाही. दोन हजारांवर बँकेनं चाळीस हजार घालायला हवेत, तेव्हा म्हैस येते. पत म्हणजे हेच. घराकडे पैसा येत राहिला आणि त्या पैशावर पत उभी राहिली नाही, तर ते घर दर महिन्याला नव्यानं शून्यापासून सुरू करतं.

साहूची गोष्ट तर फारच वाईट थराला गेलीय. तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, त्याला 'मिटरब्याज' म्हणतात, टॅक्सीच्या मीटरसारखं पळणारं व्याज. दिलेल्या रकमेच्या कितीतरी पट आकडा कागदावर लिहून घ्यायचा आणि शेवटी जमीन घ्यायची. या सावकारीत नाडलेली माणसं काठमांडूपर्यंत चालत गेली, तेव्हा २०२३ मध्ये कायदा बदलून असले व्यवहार गुन्हा ठरवले गेले. सहकारी संस्थांचाही भरवसा उरला नाही. गेल्या काही वर्षांत कितीतरी बचत-सहकारी बुडाल्या आणि परदेशातल्या पोरांनी पाठवलेल्या ठेवी त्यांत अडकल्या.

छोट्या माणसाला बँक नकोच असते, असं कुणी म्हणालं तर नेपाळातल्याच पोखरा शहराचं उदाहरण द्यावं. तिथल्या एकोणीस गरीब वस्त्यांमधल्या बायकांना एका प्रयोगात विनाशुल्क बचत खातं देऊ केलं. किमान शिल्लक नाही, पैसे भरायला वस्तीतच येणारा माणूस. १०० पैकी ८४ जणींनी खातं उघडलं, आणि नुसतं उघडून ठेवलं नाही, जवळजवळ दर आठवड्याला त्यात थोडे थोडे पैसे टाकले. दुसरा एक प्रयोग अमेरिकेत राहणाऱ्या एल साल्वाडोरच्या कामगारांवरचा. घरी पाठवलेल्या पैशातल्या बचतीवर त्यांना स्वतःचा ताबा मिळेल असं खातं ज्यांना दिलं, त्यांची बचत वाढली. कमावणारा परदेशी, खर्च करणारे घरी, आणि किती शिल्लक पडली हे त्याला दिसत नाही, ही अडचण जगभर सारखीच आहे. नेपाळ सरकारनंही प्रयत्न केले: परदेशातल्या कामगारांसाठी बचत रोखे काढले, ते फारसे कुणी घेतले नाहीत, रेमिटन्सच्या खात्यावर जादा व्याज देऊ केलं, नव्या शेअर विक्रीत त्यांच्यासाठी दहा टक्के राखून ठेवले. मला यात एक गोष्ट खटकते. हे सगळे मार्ग कामगाराकडून पैसा घेण्याचे आहेत. त्याला पैसा देण्याचा मार्ग यात कुठे आहे?

कोकणानं हे भोगलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या गावातल्या मनीऑर्डरी आटल्या. सगळ्या घरांचा पैसा एकाच शहरातून, एकाच धंद्यातून येत होता, म्हणून सगळी घरं एकदम कोरडी पडली. पुढे मुलं नोकऱ्यांना लागली, आखातात गेली, पैसा परत सुरू झाला, आणि आमच्या शाखेत ठेवींचे आकडे दर मार्चला फुगत गेले. बँकेत सीडी रेशो म्हणून एक हिशेब असतो, त्या भागातल्या शंभर रुपये ठेवीतले किती रुपये त्याच भागात कर्ज म्हणून गेले. ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी हे प्रमाण साठ तरी राखावं अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा असते. मी होतो त्या शाखेत ते कधीच साठला गेलं नाही. गावाची ठेव मुंबईच्या कर्जाला जायची, आणि काजूवर प्रक्रिया करायला बघणारा इथला पोरगा तारण कमी पडलं म्हणून परत जायचा. त्यातल्या काही अर्जांवर नकाराची सही माझी आहे. नियमाप्रमाणे ती बरोबर होती. पण त्या पोराच्या वडिलांनी वीस वर्षं मुंबईहून त्याच शाखेत न चुकता पैसे पाठवले होते, तो कागद आम्ही कधी उघडून पाहिला नाही. पाहायचा असतो, असं आम्हाला कुणी शिकवलंही नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षी मी दाजूला सांगितलं, पैसे नंबरावर रोख पाठवू नकोस, बायकोच्या नावानं खातं काढ आणि त्यात पाठव. पावत्या जपून ठेव. त्यानं ते केलं. सबंध हंगामाच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात रबर लावून ठेवल्या. मेअखेर बाग उतरल्यावर त्या घेऊन गावी गेला. दोन दुभत्या म्हशी आणि गोठा, दीड लाख नेपाळी रुपयांचं कर्ज, असा बेत होता. मी आकडेमोड करून दिली होती, दूध कितीला जातं, हप्ता किती बसेल.

या दिवाळीनंतर परत आला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मी विचारलं. शाखेतल्या साहेबानं पावत्या पाहिल्या म्हणाला, चांगलं बोलला, चहासुद्धा दिला. मग विचारलं, लालपुर्जा आहे का? लालपुर्जा म्हणजे तिकडचा जमिनीच्या मालकीचा कागद. जमीन बापाच्या नावावर, चार भाऊ, वाटण्या झालेल्या नाहीत, आणि बायकोच्या नावावर तर काहीच नाही.

"मग म्हशींचं?"

"एक घेतली, काका. साहूकडून."

व्याज किती, विचारलं. त्यानं तीन बोटं वर केली. तेवढ्यात वरच्या कलमावर वानरं उतरल्याचा आवाज झाला, आणि तो गोफण घेऊन उठला.